चिंचेखालच्या मुंग्या

धानाच्या रोवणीचे दिवस आले की प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलावर काडीपेट्या जमायला लागतात. पोरी गावागावांतून बसने येतात, पायाच्या नखांत बांधीतला चिखल तसाच असतो, आणि दप्तरातून काडीपेटी काढून माझ्यासमोर ठेवतात. आत काळ्या मुंगळ्यांची राणी असते. पंख नुकतेच झडलेले, पोट मोठं, आणि कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन वाट शोधत असलेली. मॅडमला एका राणीपासून अख्खं वारूळ वाढवता येतं, असं मागच्या वर्गाने पुढच्या वर्गाला सांगून ठेवलेलं आहे. मी पेटी उघडते, बघते, बंद करते आणि म्हणते, जिथून उचलली तिथे नेऊन सोड. पोरी हिरमुसतात. त्यांना वाटतं, मॅडमला कंटाळा आहे.

कंटाळा असता तर किती बरं झालं असतं.

तशी गोष्ट साधी आहे. आषाढात पाऊस चार दिवस लागून पडतो, मग एका दुपारी उघाड पडते, जमिनीतून वाफ यायला लागते आणि त्या वाफेबरोबर पंखवाल्या मुंग्या बाहेर पडतात. नर त्याच दिवशी मरतात. राणी खाली उतरते, पायांनी स्वतःचे पंख मोडून टाकते, एखादं भोक शोधते आणि आतून दार लावून घेते. त्यानंतर दीड-दोन महिने ती काही खात नाही. पंख हलवायला छातीत जे मांस होतं, ते आता उडायचंच नाही म्हटल्यावर अंगातल्या अंगात विरघळतं, आणि त्यावर ती अंडी घालते, अळ्या पोसते. पहिल्या मुंग्या निघतात त्या बारक्या, अर्धपोटी वाढलेल्या पोरांसारख्या. पण त्या दार उघडतात आणि बाहेर जाऊन दाणा आणतात. तिथून पुढे वारूळ. हजारातल्या एखाद्याच राणीला हे साधतं. हे मी दर वर्षी शिकवते, फळ्यावर आकृती काढून शिकवते, आणि आकृती पुसताना दर वर्षी हात जड होतो.

आमचं गाव वैनगंगेच्या काठाला होतं. होतं म्हणजे आता पाण्याखाली आहे. गोसीखुर्द धरणाचं पाणी दर वर्षी थोडं थोडं वर चढत होतं, आणि गाव दर वर्षी थोडं थोडं ते नाकारत होतं. चिंचेखाली सभा झाली होती. ती चिंच म्हणजे गावाची बैठक. सकाळी चरायला जायच्या आधी अख्ख्या गावाची ढोरं तिच्याखाली गोळा होत. त्या सभेत ठरलं, मोबदल्याच्या मागण्या पुऱ्या होईस्तोवर कुणीही गावातून उठायचं नाही, उठायचं तर सगळ्यांनी मिळून. हात वर करून ठरलं. बाबांनीही हात वर केला. त्यांच्या शेजारी सदाशिवकाकांनी केला. दोघांच्या धानाच्या बांध्या धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून होत्या आणि रोज सकाळी काका त्यांच्या धुऱ्यावरून ओरडायचे, “काहून बे, जेवला का नाही?” बाबांचं उत्तर मी कधी ऐकलं नाही. ते नुसता हात हलवायचे.

मग त्याच पावसाळ्यात आईला पान लागलं. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. निंदण करताना पायाला लागलं. रस्त्यावर पाणी आलेलं. डोंगा मिळेपर्यंत, डोंग्यातून पलीकडे जाईपर्यंत, पलीकडे गाडी सापडेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. मी तेव्हा भंडाऱ्याला खोली करून एम.एस्सी. करत होते. घरी पोचले तर आई ओसरीवर निजवलेली होती आणि बाबा तिच्या पायाला बांधलेली दोरी सोडत होते. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती, ती त्यांना सुटत नव्हती.

त्या दिवसापासून मी त्यांच्या मागे लागले. निघा इथून. पुनर्वसनाच्या नव्या गावी प्लॉट मिळालाय, दोन खोल्या बांधा, रस्ता आहे, गाडी येते. ते म्हणायचे, हात वर केला आहे बाई. मी म्हणायचे, पुढच्या पावसात तुम्हालाही असंच डोंग्यात घालून न्यायचं का? आई गेल्यावर त्यांना उरलेली मीच एकटी होते, आणि मी हट्ट धरला की बाबा ऐकायचे, ही माझी लहानपणापासूनची सवय. वैशाखात त्यांनी गाव सोडलं. बैलजोडी काकांच्या गोठ्यात बांधली, कुणाला काही न सांगता. गावात म्हणे लोक बोलले, मुंगीले पंख फुटले. माझ्या कानावर आलं तेव्हा मी हसले होते. प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी ना मी. पंख फुटलेली मुंगीच नवं वारूळ करते, असं काहीतरी शहाणपण मी तेव्हा मैत्रिणीला ऐकवलंही.

नवं गाव म्हणजे बरडावर आखलेले चौकोन. चुन्याच्या रेघा, नंबरचे दगड, एक हातपंप. झाड नाही, पाखरू नाही. आणि मध्ये बाबांच्या दोन खोल्या. सकाळी उठून ते आधी शेजारच्या प्लॉटवरचा तरोटा उपटायचे. तो प्लॉट काकांच्या नावचा होता. आपल्या दारातला तरोटा मात्र गुडघ्याएवढा वाढलेला. मी विचारलं तर म्हणाले, आपलं काय, त्यांना आल्या आल्या साफ दिसलं पाहिजे. त्यांची खात्री होती की गाव येणार. आज ना उद्या पाणी येणार, मग गाव येणार, आणि आल्यावर त्यांच्या बाजूला बसणार. त्यांना जगायला एवढंच हवं होतं. माझ्या ते ध्यानात यायला फार वेळ लागला.

आषाढात आम्ही जुन्या घराची दाराची चौकट आणायला गेलो. सागवानी चौकट, आजोबांच्या वेळची. ट्रॅक्टर काढला, भिंत पोखरली, चौकट सोडवली. चिंचेखाली माणसं बसली होती. एरवी कुणाचं साधं गवताचं ओझं उचलायचं असलं तरी चार जण धावतात. त्या दिवशी कुणी उठलं नाही. काका विडी ओढत खाली बघत होते. मी आणि बाबांनी आणि ट्रॅक्टरवाल्याने मिळून चौकट चढवली. उघाड होती, ऊन चटकत होतं, आणि चिंचेच्या बुडातून पंखवाले मुंगळे निघत होते. नव्या गावी चौकट उतरवताना बघते तर खाचेत एक राणी बसलेली, पंख मोडून मोकळी झालेली. आमच्याबरोबर तेवढी एकच आली होती.

माझ्या पिशवीत टेस्ट ट्यूब होत्या. एकीत तळाला पाणी भरलं, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, मग तोंडाला कापूस. बाबांना सांगितलं, अंधारात ठेवायची, हलवायची नाही, आठवड्यातून एकदाच बघायची. ही काही खाणार नाही, काही घालू नका. त्यांना ते पटेना. घरात आलेल्या जिवाला जेवू न घालता ठेवायचं म्हणजे काय? मी समजावलं, तिच्याजवळ तिचं आहे. खरं सांगायचं तर मला राणीचं काही नव्हतं. बाबा दिवसभर मोकळ्या प्लॉटांकडे बघत बसायचे, ते मला बघवत नव्हतं. त्यांच्या हाती काहीतरी द्यावं म्हणून दिली, एवढंच.

त्यांनी ती आईच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत ठेवली. बाजाराच्या दिवशी बघायची, असा नेम केला, म्हणजे आठवडा चुकत नाही. मग मुरमाच्या ढिगावर चढून मला फोन करायचे, कारण रेंज तिथेच. अंडी दिली बाई, चार दिसतात. पुढच्या बाजाराला, आता अळ्या झाल्या, हलतात. मग, कणीएवढे कोश झाले. तांदळाची कणी. तिचं पोट बारीक होत चाललंय हेही त्यांनी पाहिलं होतं आणि ते सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा. एकदा म्हणाले, मीही आजकाल एकच वेळ जेवतो. का, विचारलं तर म्हणाले, भूक नाही. मी म्हटलं, जेवत जा. फोनवर याहून जास्त काय बोलणार.

कधी कधी वाटतं, त्या सात आठवड्यांत बाबा जितके माझ्याशी बोलले, तितके आधीच्या बावीस वर्षांत बोलले नव्हते. आणि मी त्यातलं अर्धंच ऐकलं.

पोळ्याच्या दिवशी पहिली मुंगी निघाली. पोळ्याला बाबांच्या दारात बैल नव्हते. त्यांची जोडी त्या दिवशी काकांनी सजवली असेल, चिंचेखालच्या तोरणात उभी केली असेल. बाबा मुरमाच्या ढिगावरून सांगत होते, एक आली, इतकी बारकी, आपल्या मायच्या भोवती फिरून राहिली. माझी दोन दिवसांवर परीक्षा होती, पुढ्यात पुस्तक उघडं होतं. मी वाचत वाचत हं म्हणत होते. मग ते म्हणाले, “एकल्या काडीनं रोवणा होत नाही, बाई. एका जागी तीन-चार काड्या लावाव लागते, अन् त्या एकाच पऱ्ह्यातल्या पायजे. हिच्या संगं दुसऱ्या आणून देऊ का, हिच्याच गावच्या?”

मी हं म्हणाले.

त्या हं ला मी आजवर शंभर अर्थ देऊन पाहिले. ऐकलंच नव्हतं, ऐकलं होतं पण समजलं नव्हतं, समजलं होतं पण म्हातारा माणूस काहीही बोलतो असं वाटलं होतं. कुठल्याच अर्थाने माझी सुटका होत नाही. एक वाक्य सांगायचं होतं, की परक्या वारुळाची मुंगी राणीला मारते. ते वाक्य मी परीक्षेत लिहिलं आणि त्याला पूर्ण गुण पडले.

बाबा सायकलने जुन्या गावी गेले. खालच्या बांध्यांत पाणी शिरलेलं, वरच्या बांध्यांत लोकांनी तरीही रोवणा केला होता आणि धान हिरवागार उभा होता. त्यांनी चिंचेच्या बुडाशी बसून पळसाच्या पानाचा द्रोण केला आणि त्यात दहा-बारा मुंगळे घेतले. त्यांना तिथे बघून कुणी या म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. पाणी कुणी विचारलं नाही. सायकलच्या हँडलला द्रोण बांधून ते तसेच परत आले. शेतकरी माणूस तो. उभी हयात त्यांनी एका पऱ्ह्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, वाढलेली रोपं उपटून दुसऱ्या चिखलात लावली होती आणि ती लागली होती. दोन दिवस माना टाकतात, मग आपसूक उभी राहतात. एका मातीतलं एका मातीतल्याला धरून राहतं, एवढाच त्यांचा अनुभव, आणि तो कधी खोटा ठरलेला नव्हता. त्यांनी कापूस काढला आणि मुंगळे आत सोडले.

मी रविवारी गेले तेव्हा ट्यूब ओसरीवर उन्हात ठेवलेली होती. राणीचे पाय वेगळे होते, डोकं वेगळं होतं. बारकी मुंगीही गेली होती, कोश फाटले होते. आणलेल्या मुंगळ्यांतले पाच-सहा जिवंत होते आणि कापसाशी बाहेर यायची वाट शोधत होते. बाबांची दाढी वाढलेली होती. ते म्हणाले, “चारी बाजूनं तिचे पाय धरले त्याईनं. आधी मले वाटलं, भेटून राहिल्या.”

मी जवळ बसले. मला रडू आलं, ते राणीसाठी नव्हतं. मग त्यांनी विचारलं, “एकाच झाडाखालच्या होत्या. वळखलं काहून नाही?”

आणि मी, गप्प बसायचं सोडून, शिकवायला लागले. सांगितलं की मुंग्या तोंड बघून ओळखत नाहीत, वासाने ओळखतात. प्रत्येक वारुळाचा आपला वास असतो. ही इतके दिवस काचेत, कापसात एकटी राहिली, तिच्या अंगाला घरचा वास उरला नाही. त्यांना ती परकी वाटली. बाबा मन लावून ऐकत होते. किती दिवसांत जातो वास, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, महिना, दीड महिना. ते काहीतरी मोजत होते. वैशाखापासून मोजत होते, हे आज मला कळतं. मग त्यांनी विचारलं, परत लागतो का? मी सहज म्हणाले, लागतो की. त्यांच्यात राहिलं, त्यांच्या मातीत अंग घासलं, तर लागतो.

ट्यूब त्यांनी धुऊन मला परत दिली. त्यानंतर मुंग्यांचा विषय आमच्यात निघाला नाही.

दिवाळीनंतर ते दर बाजाराच्या दिवशी जुन्या गावी जायला लागले. मला ते दुसऱ्याकडून कळलं. गावातली एक बाई बसमध्ये भेटली, ती म्हणाली, तुझा बाप येते अन् चिंचेखाली ढोरं उभी राहतात तिथं एकलाच बसते, कोणी बोलत नाही, मंग उठून जाते. मी डोक्याला हात लावला. वाटलं, आईच्या आठवणीने जात असतील. वाटलं, म्हातारपण आहे, करमत नसेल. मी फोनवर रागावले, इतक्या लांब सायकल कशाला मारता म्हणून. ते म्हणाले, काम असते. माझ्याच शाळेतला धडा ते गिरवत होते आणि मास्तरणीला पत्ता नव्हता.

गाव पुढच्या वर्षी चैत्रात उठलं. मागण्या किती पुऱ्या झाल्या आणि किती राहिल्या ते मला माहीत नाही, पण पाणी पुरं आलं होतं. उद्या ट्रक येणार असं कळलं म्हणून मी आदल्या दिवशी नव्या गावी पोचले. बाबा तेवढ्यातच सायकलवरून उतरत होते. अंगात जुनी बंडी होती. जवळ गेले तर भपकारा आला. शेण, धूर, ढोरांचं मूत, सडलेली चिंच. ती बंडी त्यांनी जुन्या घराच्या उरलेल्या भिंतीला, ढोरं उभी राहायची त्या बाजूच्या खुंटीला, हिवाळाभर टांगून ठेवली होती, असं म्हणाले. आज आणली. मी म्हटलं, बाबा, उद्या अख्खं गाव येणार, असे दिसणार का तुम्ही त्यांना? ते म्हणाले, राहू दे बाई. मी म्हटलं, लोक काय म्हणतील, पोरगी असून बापाला धुतलेलं घालायला मिळत नाही. ते पुन्हा म्हणाले, राहू दे. मी हट्ट धरला. आणि मी हट्ट धरला की बाबा ऐकतात. त्यांनी बंडी काढून दिली. मी ती हातपंपावर नेली, साबण लावला, दगडावर आपटली, तीनदा पिळली. पाणी काळं निघालं, मग पांढरं निघालं. बाबा उघड्या अंगाने ओसरीवर बसून बघत होते.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून रस्त्यावर उभे राहिले, हातात पाण्याचा गडवा. ट्रक येत गेले. कवेलू, खाटा, कोंबड्यांच्या टोपल्या, आणि वर बसलेली माणसं. काकांचा ट्रक थांबला. काका उतरले, त्यांनी पाणी घेतलं, गडवा परत दिला. म्हणाले, “बरे आहा ना जी तुमी?” पाहुण्याला विचारतात तसं. बाबांनी हात हलवला. काका पुन्हा चढले आणि ट्रक बाबांच्या बाजूच्या साफ केलेल्या प्लॉटवरून पुढे निघून गेला. काकांनी आधीच कुणाशी तरी प्लॉट बदलून घेतला होता, अगदी त्या टोकाचा.

नंतर भांडण असं कधी झालं नाही. लग्नाच्या पत्रिका आल्या, लोक ओसरीसमोरून जाताना मान हलवत. बाबा जाऊन आता चौथं वर्ष. मयतीला गाव आलं, तेवढी रीत गावाने मोडली नाही. त्या बरडावर आता झाडं आहेत, शाळा आहे, सगळ्या जातीच्या मुंग्याही आल्या असतील. माणसं म्हणतात, बसलं गाव एकदाचं. बसलं असेल. मी तिथे जात नाही. रोवणीच्या दिवसांत काडीपेट्या येतात, मी त्या परत पाठवते, आणि पोरींना वाटतं मॅडमला कंटाळा आहे. त्यांना काय सांगू? मला या विषयातलं सगळं येतं म्हणून सांगू?

ट्रक गेले त्या दुपारी बंडी दोरीवर वाळली होती. बाबांनी सदरा काढून ठेवला, दोरीवरून बंडी घेतली आणि दोन्ही हातांनी नाकाशी धरली. मी चुलीपाशी होते, मला वाटलं तोंड पुसतात.

“साबनाचा येते,” ते म्हणाले. मग त्यांनी तिची नीट घडी घातली आणि आत जाऊन पेटीत ठेवली.